अकरावा नंबर

कॉलेज रोडच्या काचेच्या दुकानात ती डीव्हीडी
धनत्रयोदशीच्या आठवड्यात लागली, पाचशे नव्व्याण्णवला.
आमच्याकडे, पवननगरात, निरभवणे व्हिडिओमध्ये
पंधरा रुपये दिवसाची कॉपी कधी येणार
हे खुद्द निरभवणेलाही ठाऊक नव्हतं.
"आधी विकायची, मग भाड्याची.
कंपनीचा नियम आहे, मी काय करू?"
असं म्हणून तो वही उघडायचा, नाव लिहून घ्यायचा.
आमचा अकरावा नंबर.
पप्पांनी तो पाठ केला होता, गॅसच्या नंबरासारखा.

पाचशे नव्व्याण्णव म्हणजे
अंबडच्या शेडमधले पप्पांचे साडेतीन दिवस.
हा हिशेब मला येत होता,
म्हणून मी हट्ट केला नाही.

शाळा उघडली त्या सोमवारी, मधल्या सुट्टीत,
निहाल चांडकने उरलेली शंकरपाळी वाटली
आणि तिच्यासोबत शेवटही वाटून टाकला:
"तो आंधळा नसतोच रे.
पहिल्या सीनपासून बघत असतो सगळं."
मी कानावर हात ठेवले,
पण तोवर ऐकून झालं होतं.

मग चार महिने मिठाची गुळणी.
पप्पा सेकंड शिफ्ट करून साडेअकराला यायचे,
गार पिठल्यात भाकरी कुस्करता कुस्करता
पोस्टरवरून अंदाज बांधायचे.
"मला तर त्या वकिलाचा संशय येतो."
मी म्हणायचो, असेल.
"नाहीतर ती नर्स. तू काय म्हणतोस?"
मी म्हणायचो, गणिताचा पेपर आहे उद्या.
आई म्हणायची, याला हल्ली झालंय तरी काय,
धड बोलत नाही.

गाडीवर द्राक्षं आली, ऐंशी रुपये किलो.
पप्पा भाव विचारून पुढे जायचे.
चांगले घड पेटीत बसून परदेशी जातात,
मग इथल्या बाजारात,
आणि सगळ्यात शेवटी घडातून गळलेले सुटे मणी
वीस रुपयांनी आमच्या गल्लीत.
"मणी काय वेगळ्या वेलाचा असतो का?"
असं म्हणत पप्पा दोन किलो घ्यायचे,
फुटलेले आधी खायला लावायचे.

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी
निरभवणेचा पोरगा सायकलवरून सांगत आला: आली!
कव्हर झेरॉक्सचं, तबकडीवर दोन ओरखडे,
परत द्यायची वेळ उद्या सकाळी दहा.
पप्पांनी अर्धी रजा टाकली.
शेजारच्या सानपकाकू स्वतःची चटई घेऊन आल्या,
त्यांचा नंबर बारावा होता, तरी आल्या.

शेवटची दहा मिनिटं उरली आणि लोडशेडिंग.
अंधारात कोणी काही बोललं नाही.
काकूंनी देवाचं नाव घेतलं,
आई भिंतीला टेकून झोपून गेली,
पप्पांच्या श्वासाचा आवाज येत होता,
आणि मला एकदम सांगून टाकावंसं वाटलं.
नाही सांगितलं.

सव्वा तासाने वीज आली.
कोर्टात तो काठी टेकत पायऱ्या चढत होता,
न्यायाधीश अजून चष्मा पुसत होते,
आणि पप्पांनी मांडीवर थाप मारली:
"अरे तिच्या! हा आंधळा नाहीच की!"

टीव्हीवर मात्र
त्याच्या हातातून ते नाणं पडायचं होतं अजून.
पडलं. घरंगळत गेलं.
त्याने वाकून नेमकं उचललं.

मी पप्पांकडे पाहिलं.
ते समोर बघत होते, डोळे मोठे करून,
जरा जास्तच मोठे.
कँटीनमध्ये कोणी सांगितलं असेल?
दिवाळीतच? की परवा?
मीही तोंडाचा आ केला
आणि जमेल तितका वेळ तसाच ठेवला.

सकाळी दहाला पाच कमी असताना
तबकडी काउंटरवर ठेवली.
निरभवणेने ती शर्टाला पुसली, विचारलं,
"काय, शेवट कसा आहे?"
तेरावा नंबर माझ्या मागेच उभा होता,
हातात सुट्टे पंधरा रुपये.
मी म्हटलं, बरा आहे.